जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: घरातल्या मोठ्या माणसांना जमतं का? सेटिंग्जसकट रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, घरात साठी-सत्तरीच्या पुढची माणसं असतील, डेस्कटॉप बऱ्यापैकी जुना असेल आणि कामं म्हणजे नेट, यूट्यूब, व्हॉट्सॲप, बँक, लाइटबिल, कधीतरी एखादं पत्र टाइप करणं एवढीच असतील तर लिनक्स मिंट सिनॅमन (विंडोजच्या जागी टाकायची ऑपरेटिंग सिस्टिम, सिनॅमन हा तिचा डेस्कटॉप) जरूर टाका, मला फार आवडलंय. पण टाकलं आणि सोडून दिलं असं करू नका. टाकल्यावर एक संध्याकाळ निवांत बसून सेटिंग्ज लावावी लागतात आणि खरा फरक तिथेच पडतो. इन्स्टॉल कसं करायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत पण सत्तरीतल्या माणसाच्या हाताला आणि डोळ्याला झेपेल असं ते कसं लावायचं हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून एवढं लांबण लावतेय.

माझ्या घरात दोन वेगवेगळ्या प्रकारची माणसं आहेत त्यामुळे दोन्ही बाजू बघायला मिळाल्या. एक म्हणजे माझे सासरे, अप्पा, कराडला असतात, हायस्कूलमधून रिटायर झालेले, नोकरीत असताना एमएस-सीआयटी केलेलं, त्यामुळे स्टार्ट बटण, फोल्डर, सेव्ह अ‍ॅज वगैरे त्यांना माहीत आहे पण जरा काही बदललं की अडतात. दुसरी माझी आई, नाशिकला, तिने आयुष्यात माउसला हात लावला नव्हता, मोबाईल मात्र झकास वापरते. दोघांकडचे पीसी साधारण सारखेच, चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे बहुतेकांना माहीत असेल, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणजे हे दोन्ही पीसी रीतसर त्यात बसतच नाहीत. एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण ते म्हणजे फक्त मुदतवाढ. दुकानदार नवीनच घ्या म्हणत होता. मी म्हटलं मशीन धडधाकट चालतंय, भंगारात का घालायचं, म्हणून दोन्हीकडे हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (जास्त फास्ट चालणारी डिस्क) बसवला आणि मिंटची २२ ची मालिका टाकली. हिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, किमान गरज २ जीबी रॅमची, आरामात चालायला ४ जीबी सांगतात, आणि खरंच ४ जीबीत व्यवस्थित चालतंय, फक्त क्रोमचे पंधरा टॅब उघडू नका. सगळं फुकट आहे, लायसन्स की वगैरे भानगड नाही. एसएसडी मात्र टाकाच, तो नसेल तर कुठलीही सिस्टिम टाका, मोठी माणसं 'उघडलं नाही वाटतं' म्हणून परत परत क्लिक करत राहतात आणि मग एकाच वेळी सहा खिडक्या उघडतात.

आता मुद्द्याचं. मोठ्या माणसांना कॉम्प्युटर अवघड जातो त्याचं सगळ्यात मोठं कारण मला हे वाटतं की गोष्टी जागेवर राहत नाहीत आणि चिन्हांखाली नाव लिहिलेलं नसतं. माणूस हुशार असतो, तीस-तीस वर्षं शाळा चालवलेला, बँकेची कॅश सांभाळलेला, त्याला 'डोकं चालत नाही' असं समजणं हा त्याचा अपमान आहे. त्याला फक्त काल जे जिथे होतं ते आज तिथेच हवंय. मिंट या बाबतीत फार भारी आहे. खाली आडवी पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, ही मांडणी विंडोज ९५ ने म्हणजे १९९५ साली घराघरात नेली आणि अप्पांच्या पिढीने कॉम्प्युटर शिकला तो हाच. २०११ मध्ये नोम ३ (लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपची नवी आवृत्ती) आलं आणि त्यांनी ही सगळी मांडणीच बदलली, खालची पट्टी गेली, मिनिमाइझचं बटण गेलं, तेव्हा मिंटवाल्यांनी म्हणजे क्लेमेंट लफेव्र आणि त्यांच्या टीमने त्याच्यातूनच फोडून सिनॅमन काढलं, कारण लोकांना जुनी मांडणी हवी होती. तेव्हापासून आजपर्यंत ढाचा तोच आहे, आतून सुधारणा होत राहतात पण मेनू उठून दुसरीकडे जाऊन बसत नाही. याचं मोल तरुण माणसाला कळणार नाही, अप्पांना विचारा.

यातही एक गोष्ट लगेच करा. मिंट पहिल्यांदा चालू झालं की वेलकम स्क्रीन येते, त्यात पॅनेल लेआउट असा पर्याय आहे, मॉडर्न आणि ट्रॅडिशनल. मुळात मॉडर्न असतं ज्यात खालच्या पट्टीवर नुसती चिन्हं दिसतात, तर ट्रॅडिशनल निवडा, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक खिडकीचं नाव खाली अक्षरांत दिसतं. हे छोटं वाटतं पण सगळ्यात महत्त्वाचं आहे. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये तेव्हा त्यांनी ही नावं काढूनच टाकली होती, लोकांनी इतकी बोंब मारली की २०२३ मध्ये पर्याय परत द्यावा लागला. नुसत्या रंगीत गोळ्यांवरून कुठलं काय हे लक्षात ठेवणं आपल्याला जमतं कारण आपण दिवसभर तेच बघतो, आठवड्यातून दोनदा पीसी लावणाऱ्या माणसाने ते का लक्षात ठेवायचं?

मग पट्टीवर राइट क्लिक करून पॅनेल सेटिंग्जमध्ये उंची वाढवा, मुळात ४० असते, मी ५८ च्या आसपास ठेवली. अक्षरांसाठी सिस्टिम सेटिंग्जमध्ये फॉन्ट सिलेक्शन, त्यात टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर, तो १.० असतो. इथे एक लक्षात घ्या, देवनागरीला इंग्रजीपेक्षा थोडा मोठाच आकार लागतो, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, त्यामुळे इंग्रजी नीट वाचता येतंय म्हणून थांबू नका, एखादी मराठी बातमी उघडून चष्मा लावून वाचायला सांगा आणि त्यावरून ठरवा. आईकडे १.३ वर थांबले, अप्पांना १.२ पुरलं. त्यापुढे गेलं की काही खिडक्यांमधली खालची बटणं स्क्रीनच्या बाहेर जायला लागतात, विशेषतः जुना लहान मॉनिटर असेल तर, हा सगळ्या सिस्टिमचाच प्रॉब्लेम आहे आणि इथेही सुटलेला नाही. रिझोल्यूशन कमी करून अक्षरं मोठी करायचा जुना उपाय करू नका, सगळं धूसर होतं आणि डोळे जास्त दुखतात. आणखी मोठं कधीतरीच बघायचं असेल तर ॲक्सेसिबिलिटीत डेस्कटॉप झूम चालू करा, मग आल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की अख्खी स्क्रीन मोठी होते, पंचांगाची पीडीएफ बघायला आई हेच वापरते.

माउसबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो आणि तरुण मुलं इथेच चिडतात. आईच्या शेजारी बसून तिचा हात नीट बघितला तर काय होतं ते कळलं. ती डबल क्लिक करते तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये बोट उचलताना मनगट पण थोडंसं सरकतं, बाण दोन-तीन मिलिमीटर हलतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं की ही फोल्डर ओढतेय. म्हणजे फोल्डर उघडायच्या ऐवजी सरकून दुसऱ्या फोल्डरवर पडतं आणि त्याच्या पोटात जातं, आणि मग 'अगं माझे फोटो गेले'. फोटो कुठे जात नाहीत, आतल्या फोल्डरमध्ये असतात, पण तिला कसं कळणार? याला उपाय म्हणजे फाइल मॅनेजर उघडायचा, त्याला निमो म्हणतात, एडिट मेनूत प्रेफरन्सेस, बिहेविअरमध्ये एका क्लिकने उघडा असा पर्याय आहे, तो लावून टाका. डबल क्लिक हा प्रकारच घरातून हद्दपार. मोबाईलवर सगळं एका टिचकीत उघडतं, त्यामुळे आईला हे जास्त स्वाभाविक वाटलं, ती मला म्हणाली, "अगं मग आधीच असं का नाही करत हे लोक?" बरोबरच आहे तिचं. तिथेच शेजारी कचऱ्यात टाकायच्या आधी विचारा असा पण पर्याय आहे, तोही चालू करा.

अप्पांना मात्र डबल क्लिकची सवय होती, त्यांचं एका क्लिकवर दोनदोनदा उघडायला लागलं, म्हणून त्यांच्याकडे डबल क्लिकच ठेवलं आणि माउस सेटिंगमधला डबल क्लिकचा वेळ वाढवला, म्हणजे दोन टिचक्यांमध्ये जास्त अंतर पडलं तरी चालतं. सगळ्यांना एकच सेटिंग लावू नका एवढंच सांगायचंय, आधी पाच मिनिटं गप्प बसून त्यांचा हात बघा. त्याच माउसच्या पानावर बाणाचा आकार मोठा करता येतो, आणि कंट्रोल दाबल्यावर बाण कुठे आहे ते दाखवा अशी एक टिक आहे, ती चालू केली की कंट्रोल दाबल्या दाबल्या बाणाभोवती वर्तुळं उमटतात. 'बाण हरवला' ही तक्रार आमच्याकडे या एका टिकमुळे बंद झाली.

कीबोर्डचं पण बघा. वयस्कर माणसं टाइपरायटर दाबल्यासारखं बटण दाबून धरतात आणि मग स्क्रीनवर ककककक अशी रांग लागते. कीबोर्ड सेटिंगमध्ये की रिपीट बंद करता येतं किंवा तो सुरू व्हायच्या आधीचा वेळ वाढवता येतो, मी वेळ वाढवला कारण पूर्ण बंद केलं तर खोडायला बॅकस्पेस एकेकदा दाबत बसावं लागतं.

पुढचा भाग म्हणजे 'सगळं गायब झालं' या प्रकारचा बंदोबस्त. सिनॅमनमध्ये एकापेक्षा जास्त वर्कस्पेस म्हणजे वेगवेगळे डेस्कटॉप असतात, कंट्रोल-आल्ट आणि बाणाचं बटण चुकून दाबलं गेलं तर सगळ्या खिडक्या सरकून समोर रिकामा डेस्कटॉप येतो, आणि समोरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो की आपण काहीतरी बिघडवलं. वर्कस्पेस एकच ठेवा. तसंच खिडकी ओढत ओढत स्क्रीनच्या कडेला नेली की ती आपोआप अर्ध्या स्क्रीनभर पसरते, आपल्याला ते सोयीचं वाटतं पण थरथरत्या हाताने खिडकी जरा बाजूला करायला गेलेल्या माणसाला ती अंगावर आल्यासारखी वाटते, विंडो टायलिंगमध्ये जाऊन ते बंद करा. बाजूची सरकपट्टी आजकाल सगळीकडे काडीसारखी बारीक झालीय आणि काही ठिकाणी तर माउस नेईपर्यंत दिसतच नाही, ज्यांना चाक फिरवायला जमत नाही त्यांनी काय करायचं हा विचारच डिझाइन करणारे करत नाहीत याचा मला खरंच राग येतो. मिंटमध्ये थीमच्या सेटिंग्जमध्ये सरकपट्टीची जाडी वाढवायची सोय आहे, ती वाढवा आणि लपणारी पट्टी बंद करा. ब्राउझरच्या आत मात्र तिथली सेटिंग वेगळी असते, ते त्रासदायक आहे.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट, वेब ॲप्स नावाचं छोटंसं टूल, मिंटमध्ये आधीपासूनच असतं. कुठल्याही वेबसाइटचा पत्ता द्यायचा, नाव द्यायचं, चिन्ह निवडायचं, की ती वेबसाइट मेनूत वेगळ्या प्रोग्रामसारखी येते आणि वेगळ्या खिडकीत उघडते, वर टॅब नाहीत, पत्त्याची पट्टी नाही, काही नाही. आईच्या डेस्कटॉपवर आता व्हॉट्सॲप, यूट्यूब, लाइटबिल आणि पेपर एवढीच मोठी मोठी चिन्हं आहेत, अप्पांकडे बँक, रेल्वे तिकीट आणि सातबारा. नावं मी मराठीत दिली, 'लाइटबिल भरणे', 'सातबारा बघणे' अशी. टॅब ही कल्पना आईला समजावून सांगायची वेळच आली नाही, तिच्या दृष्टीने प्रत्येक काम ही वेगळी खिडकी आणि खाली पट्टीवर त्याचं नाव. शिवाय बँकेचा पत्ता गुगलवर शोधून भलत्याच साइटवर जाण्याचा धोका कमी होतो, कारण त्या चिन्हातून नेहमी तोच पत्ता उघडतो, फक्त तो पत्ता तुम्ही स्वतः पासबुकावरून खात्री करून घाला.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर, फोनवर धमकावून 'हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा' म्हणणाऱ्यांनी किती ज्येष्ठांना लुबाडलंय हे रोज पेपरात येतं. मिंटमध्ये विंडोजच्या ईएक्सई म्हणजे प्रोग्रामच्या फाइल तशा चालत नाहीत आणि नवीन काही इन्स्टॉल करायला पासवर्ड लागतो, त्यामुळे एक अडसर तरी उभा राहतो. लॉगिन आपोआप होईल असं मी ठेवलंय, पीसी लावला की सरळ डेस्कटॉप, पण इन्स्टॉलचा पासवर्ड आईला दिलेला नाही, तो माझ्याकडे आणि भावाकडे आहे, आणि हे तिला सांगून, तिच्या संमतीने केलंय. अप्पांना मात्र दिलाय, ते स्वतः बघतात सगळं. रिमोटने मदत करायला रस्टडेस्क वापरते, पण त्याचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवलेलं नाही, आणि आपणहून फोन करून 'ते उघड' म्हणणारा कुणीही असो, अगदी माझ्या आवाजात बोलला तरी, फोन ठेवून मला परत लावायचा असं ठरवून टाकलंय.

अपडेटचं पण छान आहे. काम चालू असताना मध्येच 'रिस्टार्ट होतंय, बंद करू नका' असा प्रकार नाही, कोपऱ्यात एक ढाल दिसते, अपडेट असलं की त्यावर ठिपका येतो. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन आहे, तिथून आपोआप होईल असं लावता येतं. ते लावायच्या आधी टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे सिस्टिमची प्रत घेऊन ठेवली जाते आणि काही बिघडलं तर मागच्या दिवसावर जाता येतं. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिमसाठी आहे, फोटो आणि कागदपत्रं त्यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या. पॉवर मॅनेजमेंटमध्ये पीसीचं बटण दाबलं की सरळ शटडाउन असं लावा, मेनूतून बंद करणं नाही आठवलं तरी डब्यावरचं बटण दाबलं की नीट बंद होतो.

मराठीबद्दल मात्र मन खट्टू होतं. भाषा मराठी निवडता येते, निवडली तर काही मेनू छान मराठीत, त्याच्याच खाली दोन ओळी इंग्रजीत, मग परत मराठी, कारण भाषांतर अर्धवटच झालंय. हे काम स्वयंसेवक लाँचपॅड नावाच्या साइटवर करतात, कुणीही खातं काढून करू शकतं, आणि जगात मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर असताना आपल्या भाषेची ही स्थिती बघून वाईट वाटतं, पुण्या-मुंबईत एवढे आयटीवाले बसलेत. सध्या तरी मी दोघांकडे मेनू इंग्रजीतच ठेवले, अप्पांना एमएस-सीआयटीतले इंग्रजी मेनू पाठ आहेत, आणि आईला मेनूत जावंच लागत नाही, तिची चिन्हं मराठीत आहेत. मराठी टायपिंग मात्र उत्तम. कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी तयार आहे, इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) पण आणि कगप फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी बटणांवर बसवलेली) पण, एक निवडा आणि खाली पट्टीवर भाषेचं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारली की भाषा बदलते. कीबोर्डचा शॉर्टकट शिकवत बसू नका, टिचकी पुरते. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकून ती पद्धतही मिळते. आणि ज्यांना टाइपच करायचं नाही त्यांच्यासाठी क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी, माइक साधा हेडफोनचा चालतो. अप्पा सोसायटीची सगळी पत्रं आता बोलून लिहितात, विरामचिन्हं हाताने घालतात, शुद्धलेखन मास्तरांच्या नजरेने तपासतात आणि मगच छापतात.

एक अडचण जुन्या फाइल्सची येते. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल असतील तर त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसतात, तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी भलतीसलती चिन्हं दिसतात. लिब्रेऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) फाइल उघडतं पण वाचता येत नाही. तसा मजकूर असेल तर विंडोज जायच्या आधीच त्यांची पीडीएफ करून ठेवा किंवा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या. वर्डच्या साध्या युनिकोड फाइल लिब्रेऑफिसमध्ये ठीक उघडतात, टेबलं आणि समास थोडे इकडेतिकडे होतात.

कुणी हे टाकू नये? ज्यांच्या घरी टॅलीवर हिशेब चालतो, ते विंडोजचंच सॉफ्टवेअर आहे. ज्यांना डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरून सरकारी साइटवर सह्या कराव्या लागतात त्यांनीही थांबा, ते लिनक्सवर करायला फार खटपट पडते. ज्यांचा प्रिंटर जुना आणि फक्त विंडोजच्या ड्रायव्हरवर चालणारा आहे त्यांनी पण आधी खात्री करा. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी पीसी अडत नाही.

आणि तुमचा पीसी विंडोज ११ ला चालत असेल, घरातली माणसं त्यावर रुळलेली असतील, तर उगाच बदलू नका. बदल हाच त्यांचा सगळ्यात मोठा त्रास असतो. तिथेही ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइझ २२५ टक्क्यांपर्यंत नेता येतो, खालच्या पट्टीवरची चिन्हं मधून डावीकडे आणता येतात, नावं दाखवा असं सांगता येतं, फाइल एक्सप्लोररमध्ये एका क्लिकने उघडा हा पर्याय कित्येक वर्षांपासून आहे. म्हणजे वर लिहिलेल्यातलं बरंचसं तिथे जमतं, फक्त मुळातून तसं मिळत नाही आणि स्टार्ट मेनूत येणाऱ्या शिफारशी, सूचना, जाहिरातवजा गोष्टी एकेक करून बंद कराव्या लागतात. झोरिन ओएस (दुसरी एक लिनक्स सिस्टिम) पण मी लावून बघितलं, दिसायला जास्त देखणं आहे, विंडोजसारखी मांडणी निवडता येते, ज्यांना मिंट जुनाट वाटतं त्यांनी ते बघा, मला जुन्या मशीनवर मिंट हलकं वाटलं. क्रोमओएस फ्लेक्स (गुगलची ब्राउझरभोवती बांधलेली सिस्टिम) ज्यांना खरंच फक्त ब्राउझर लागतो त्यांना ठीक, पण त्याला गुगल खातं लागतं आणि नेट गेलं की हात बांधल्यासारखं होतं, आमच्याकडे कराडला पावसाळ्यात नेटचा काही भरवसा नसतो.

अगदी नवशिक्यांना शिकवणार असाल तर एक सुचवते, पहिल्या दिवशी फोल्डर, फाइल, सेव्ह यातलं काहीही शिकवू नका, पत्ते खेळायला द्या. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयलरायट नावाचा खेळ टाका, त्यात आपला ओळखीचा सॉलिटेअर आहे. १९९० च्या विंडोज ३.० पासून हा खेळ कॉम्प्युटरवर आहे आणि अख्ख्या सरकारी ऑफिसांनी माउस धरायला त्याच्यावर शिकलंय. पान उचलायचं, धरून ठेवायचं, दुसरीकडे नेऊन सोडायचं, यात ओढणं, सोडणं, क्लिक सगळं येतं आणि चुकलं तर काही बिघडत नाही, पान आपलं परत जागेवर जातं. आई पत्त्यांची भारी शौकीन, तिने दुपारभर खेळून माउस ताब्यात आणला, शिकवणी घ्यावीच लागली नाही. जीकाँप्रिस म्हणून लहान मुलांसाठीचं सॉफ्टवेअर आहे त्यातही माउसचे छान सराव आहेत, पण त्यात कार्टून फार, मोठ्या माणसाला ते देताना जरा विचार करा, आपल्याला पोरासारखं वागवतायत असं वाटू शकतं.

शिकवताना माउस त्यांच्या हातातून घेऊ नका, हे सेटिंग नाही पण तेवढंच महत्त्वाचं आहे. आपण 'थांब मी दाखवते' म्हणून सटासट चार क्लिक करतो, त्यांना काहीच दिसत नाही आणि पुढच्या वेळी ते विचारायचंच सोडतात. तोंडी सांगा, 'डाव्या कोपऱ्यात खाली बघ, तिथे टिचकी मार', आणि त्यांना लागेल तेवढा वेळ लागू द्या. अप्पांनी एक वही केलीय, त्यात प्रत्येक कामाच्या पायऱ्या स्वतःच्या अक्षरात लिहिल्यात, आणि मांडणी बदलत नसल्यामुळे वहीतलं लिहिलेलं अजून तसंच लागू पडतंय.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी मिंटच्या साइटवरून सिनॅमनची फाइल उतरवून घ्या, ३ जीबीच्या आसपास असते, रुफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका आणि पेनड्राइव्हवरून पीसी चालू करा. काहीही इन्स्टॉल न करता अख्खी सिस्टिम तशीच चालते, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही, फक्त पेनड्राइव्हवरून असल्यामुळे जरा हळू चालेल, त्यावरून स्पीड ठरवू नका. तेवढ्यात वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, वेबकॅम दिसतोय का हे बघून घ्या, आणि घरात प्रिंटर असेल तर सगळ्यात आधी तो जोडून एक पान छापा. वायफायवाले नवे प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात, एचपीचे पण चांगले चालतात, स्कॅनरची वेगळी चाचणी घ्या कारण छपाई झाली म्हणजे स्कॅन होईलच असं नाही. पान छापून आलं तर पुढे जा, नाही आलं तर डिस्कवर हात घालायच्या आधी त्या प्रिंटरच्या मॉडेलचं नाव आणि लिनक्स असं शोधून बघा.